सोंड न दिसलेला हत्ती

मी फारसा बोलत नाही. घरचे म्हणतात, याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा मे महिन्यात नळातून पाणी काढणं सोपं. त्यावरून लोकांना वाटतं, माणूस गरीब आहे. तसं काही नाही. मी गप्प असतो तेव्हा समोरच्याची वाक्यं दुरुस्त करत असतो. कोणी येऊन सांगतो की काकांचं दुःखद निधन झालं, आणि मी मनात म्हणतो, सुखद निधन तुम्ही कुठे पाहिलं? मग सांत्वन करतो. पण आधी दुरुस्ती.

आता पन्नाशी उलटली. एक हत्ती कित्येक वर्षं माझ्या छातीवर बसला आहे. त्याला खाली उतरवावं म्हणून हे लिहितो आहे.

त्या काळी मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि राहायला सक्करदऱ्याला. कंपनीची बस संध्याकाळी शहरात आणून सोडायची. सरळ घरी जायचं सोडून मी धंतोलीत उतरायचो आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरायचो. मला काही झालेलं नव्हतं. झालेलं डॉक्टरांना होतं. त्यांना कोश काढायचा होता.

जिल्ह्यातल्या एकूण एक गावाची नोंद असलेला कोश. इंग्रजांनी गॅझेटियर लिहिला तो कलेक्टरच्या सोयीसाठी, असं त्यांचं म्हणणं; आपला आपण लिहायचा. नियम सोपा होता. कोणीही नोंद लिहावी, कोणीही ती दुरुस्त करावी, आणि कोणालाही काही मिळणार नाही. लिहायला जुने केसपेपर होते, पाठकोरे. एका बाजूला कोणाचा तरी हर्निया, दुसऱ्या बाजूला त्याचं गाव.

सुरुवातीला पुष्कळ मंडळी यायची. शाळामास्तर, वकील, जंगल खात्यातले एक निवृत्त साहेब. हळूहळू गळाली, आणि त्यातली बरीचशी माझ्यामुळे गळाली. वकिलांनी लिहिलं, 'हे निसर्गरम्य गाव सर्वदूर प्रसिद्ध आहे.' मी समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'प्रसिद्ध असतं तर तुम्हाला सांगावं लागलं नसतं.' ते परत आले नाहीत. मास्तरांनी लिहिलं, 'गावात मंदिर बांधण्यात आले.' मी लिहिलं, 'कोणाकडून? भुतांकडून?' मास्तरही गेले. 'असे म्हणतात' दिसलं की माझं डोकं फिरायचं. कोण म्हणतात? त्यांना घेऊन या. 'सोहळा संपन्न झाला' असं लिहिणाऱ्याला त्या सोहळ्यातच कोंडून ठेवावं असं वाटायचं. उद्गारचिन्हं तर मी गव्हातले खडे निवडावेत तशी निवडून फेकत असे. आणि आमच्या नागपूरचं ते खास, 'मी त्याची मदत केली', हिंदीच्या दारातून आत शिरलेलं. त्यावर मी असा चिडायचो की जणू कोणी माझ्या ताटातली पोळी उचलली.

हे सगळं कशातून आलं तेही सांगून टाकतो. माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी आमच्या घरानं 'शुद्ध' हा शब्द ऐकला तो आम्ही कुठे शिवू नये एवढ्यापुरता. शाळेत शुद्धलेखनाचे पैकीच्या पैकी मिळाले आणि मला वाटलं, आता हा शब्द माझ्या हातात आला. दे दणका. मोठमोठ्या घरच्या लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ मी चारचौघांत काढायचो आणि आतून सुखावायचो. त्याचं मला आजही काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की तोच दणका मी घरातही दिला. आई म्हणायची, "मले भूक नाही," आणि मी म्हणायचो, "मला."

एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "काहून रे, तुले समजलं ना का मले भूक नाही? मंग झालं ना."

मी तिला सांगितलं, 'काहून' नाही, 'का'.

डॉक्टर मात्र माझ्यासमोर टिकले. कारण ते ऐकतच नसत. शुद्धलेखनाचे नवे नियम येऊन बरेच दिवस झाले होते, पण 'नांव', 'गांव', 'कांहीं' यांवरची टिंबं सोडायला ते तयार नव्हते. मी टिंब खोडायचो, ते परत द्यायचे.

"काय गा, टिंब काढलं की गाव बोडकं दिसते."

"डॉक्टरसाहेब, नियम आहे."

"नियमानं चाललो असतो तर अर्ध्या पेशंटचे पाय कापून मोकळा झालो असतो मी."

हे खरं होतं. ते सर्जन होते, पण कापायला नाखूश. इतरांनी 'कापा' म्हटलेले हात-पाय घेऊन लोक विदर्भातून कुठून कुठून त्यांच्याकडे यायचे. आणि यांची पद्धत अशी की पेशंट खुर्चीत बसला की 'काय होते?' च्या आधी 'गाव कोणतं? काय आहे तुमच्या गावात?' एखाद्याच्या गावात काही विशेष निघालं की डॉक्टर खुलायचे, चहा मागवायचे, आणि मला कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक मारायचे, "लिही गा."

ही गोष्ट कंपाउंडरनं हेरली. नंबर लावणं त्याच्याकडे होतं. बाहेर बाकावर बसलेल्यांना तो हळूच विचारायला लागला, "गावात काई हाये का जी, सांगण्यासारखं? असन तं पयले जा."

झालं. गावोगाव काहीबाही निघू लागलं. एक चिंच निघाली, तिच्या एका फांदीला गोड आणि दुसरीला आंबट फळ. आरतीच्या वेळेला देवळात येऊन बसणारा मोर निघाला. तो तर एकाहून जास्त गावांत निघाला. मला संशय यायला हवा होता. पण मी वाक्यं तपासत होतो. मोराच्या नोंदीत 'असे म्हणतात' नाही ना, एवढं पाहिलं आणि पुढे पाठवली.

उमरेडच्या पलीकडल्या एका गावाची बाई अशीच एका हिवाळ्यात आली. तिच्या नवऱ्याच्या पोटरीला जखम होती, महिनोन्‌महिने भरत नव्हती. एका ठिकाणी सांगितलं होतं की गुडघ्याखाली कापावा लागेल. आमचे डॉक्टर म्हणाले, पाहू, पण ड्रेसिंगला येत राहा. दोघं सकाळच्या एस.टी.नं यायची, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की बसस्टँडवर पडून राहायची. कंपाउंडरनं तिलाही विचारलं, गावात काय हाये? तिच्या गावात तळं होतं आणि तळ्यात पाणी होतं. एवढ्यावर नंबर लागत नव्हता.

"तळ्यात दगडाचा हत्ती हाये जी," आत येऊन ती म्हणाली. "आता नाही दिसत. वैशाखात पानी उतरलं का दिसते."

डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. चहा आला. नवरा बिचारा पाय उघडा टाकून बसून राहिला.

"पूर्ण दिसतो?"

"पाठ दिसते. कान दिसते."

"आणि सोंड?"

ती गडबडली. नवऱ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "सोंड कोनं नाही पायली जी."

मी तिथेच बसून नोंद लिहिली: 'तळ्याच्या मध्यभागी दगडी हत्ती आहे. वैशाखात पाणी उतरू लागले की आधी पाठ दिसते, मग कान; सोंड मात्र आजवर कोणीही पाहिलेली नाही.'

वाचून पाहा. 'दगडी' सोडलं तर एक विशेषण नाही. आणि तो अर्धविराम कसा बसला आहे, ते बघा. डॉक्टरांनी वाचलं आणि कुठेही टिंब दिलं नाही. आमच्या सगळ्या भांडणांत असं एकदाच झालं. मग म्हणाले, "वैशाखात जाऊ. डोळ्यांनी पाहू आणि मगच छापू."

फाल्गुनात ती बाई दवाखान्याच्या फाटकाशी माझी वाट पाहत उभी होती. कंपाउंडरनं तिला मोठ्या आनंदानं सांगितलं होतं की साहेब तुमच्या गावाले येऊन राहिले, हत्ती पाहाले.

"भाऊ, हत्ती नाही जी," ती म्हणाली. "तळ्यात काईच नाही. म्हशी बसतात."

"मग सांगितलं काहून?" घाईत माझ्याही तोंडून 'काहून' निघालं.

"शेवटची गाडी चुकन म्हून. आता साहेबाले समजन का मी लबाड हाये. मंग ते ह्याईच्या पायाले हात नाही लावनार. पाय कापतीन ह्याईचा. तुमी काईतरी करा, भाऊ."

पदर तोंडाशी धरून ती रडत होती. मी म्हणालो, "बघतो."

आता खरं लिहितो. मी डॉक्टरांना पुरतं ओळखत होतो. त्यांना हे कळलं असतं तर ते खो खो हसले असते, कंपाउंडरला शिव्या घातल्या असत्या, आणि तो पाय तसाच सांभाळला असता. तिची भीती पोकळ होती आणि हे मला फाटकाशी उभं असतानाच माहीत होतं. 'बाई, ते काही करणार नाहीत,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी हत्ती खोडावा लागला असता, आणि हत्तीबरोबर तो अर्धविरामही गेला असता. पुढे हे प्रकरण घरी अर्धवट कळलं, तेव्हा 'गरीब बाईसाठी यानं आपला नियम मोडला' असं माझं कौतुक झालं. मी ते कौतुकही घेतलं.

त्या वैशाखात मी डॉक्टरांना सांगितलं, यंदा तळ्यात पाणी जास्त आहे. पुढल्या वैशाखात सांगितलं, रस्ता खराब आहे, तुमची गाडी मोडेल. उन्हाळा जवळ आला की मी आभाळाकडे बघायचो आणि अवकाळी पाऊस मागायचो. शेतकऱ्यानं ऐकलं असतं तर मारलं असतं.

इकडे पाय भरत आला. बाई दर खेपेला माझ्यासाठी लाखोरीची डाळ आणायची, धुतलेल्या फडक्यात बांधून. डॉक्टरांसाठी नाही, माझ्यासाठी. तिच्या लेखी पाय मी वाचवला होता. फडकं हातात देताना ती दर वेळी हळूच विचारायची, "साहेबाले काई समजलं तं नाही ना?" मी मान हलवायचो. तिचा चेहरा सैल व्हायचा, आणि पुढच्या खेपेपर्यंत पुन्हा आवळलेला असायचा. डाळ घरी जायची.

आई विचारायची, "कोनं देल्ली?"

मी म्हणायचो, "दिली." आणि आत निघून जायचो.

मग दुष्काळाचं साल आलं. तळी पार आटली. डॉक्टर म्हणाले, "आता तर पायापासून दिसेल. चल गा."

मी म्हणालो, "हत्ती गाळात खचला, असं म्हणतात."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हणतात?"

इतकी वर्षं मी लोकांच्या समासात हा प्रश्न लिहीत आलो, पण तो अंगावर आला की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. तेवढ्यात बाहेर कोणी तरी कळवळलं आणि डॉक्टर उठले, म्हणून मी वाचलो.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांना हृदयाचा त्रास सुरू झाला. दवाखाना बंद झाला, ते घरी पडून राहिले. पहिला खंड छापखान्यात जायचा होता आणि एवढी एक नोंद अडली होती. मला बोलावून म्हणाले, "मी काही आता येत नाही. तू जाऊन ये. तू पाहिलं म्हणजे मी पाहिलं."

रविवारी मी जातो म्हणून घरातून निघालो आणि सक्करदऱ्याच्या तळ्यावर जाऊन बसलो. दिवसभर बसलो. एक म्हैस पाण्यात डुंबत होती. आधी तिची पाठ दिसत होती, मग कान. मी नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर उशीला टेकून बसले होते.

"पाहिला?"

"पाहिला."

"सोंड?"

"नाही दिसली."

"म्हणजे नोंद बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. फार समाधानानं मिटले. मी तिथे उभा राहून एक चांगला माणूस फसताना पाहिला, आणि त्याच वेळी मला बरंही वाटलं, की आता ते वाक्य छापून येईल. दोन्ही एकदम वाटलं. एक वाटलं आणि दुसरं नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं.

खंड छापून आला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, चाळला, माझ्या हत्तीचं पान उघडं ठेवून भेटायला येणाऱ्यांना वाचून दाखवलं. पुढच्या थंडीत ते गेले. दुसरा खंड निघाला नाही. तो पाय तोवर पूर्ण बरा झाला होता आणि बाईचं येणंही थांबलं होतं. मी कारखान्यात जात राहिलो आणि लोकांची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत राहिलो. लाल पेन्सिल मात्र सोडली. आईला टोकणंही सोडलं. तिनं एकदा विचारलं, "बरं नाही का तुले?"

बऱ्याच वर्षांनी कारखान्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला उमरेडकडे गेलो होतो. जेवण व्हायला वेळ होता. गाव जवळच होतं. जायचं नाही, जायचं नाही म्हणत मी एका ट्रॅक्टरवर बसून गेलो.

तळ्याच्या पाळीवर हत्ती होता.

सिमेंटचा. नुकताच राखाडी रंग दिलेला. पाठ होती, सुपाएवढाले कान होते. सोंड नव्हती. तोंडाच्या जागी सपाट भिंत. लांबून अगदी म्हैस वाटायची. शेजारी टिनाची पाटी: 'येथील प्रसिद्ध हत्ती!!!' आणि खाली माझं वाक्य. सुरुवातीला 'असे म्हणतात की' जोडलेलं, अर्धविराम गळालेला, आणि शेवटी 'हा हत्ती येथे बसविण्यात आला आहे'. आयुष्यभर ज्यांना हाकललं ते सगळे त्या एका पाटीवर येऊन बसले होते.

हत्तीच्या पाठीवर एक म्हातारा पाय खाली सोडून बसला होता. दोन्ही पाय. डाव्या पोटरीवर पांढरा, चकचकीत वण.

"सोंड काहून नाही जी?" मी विचारलं.

"पुस्तकात लिवलं हाये ना, सोंड कोनं पायली नाही. मंग मिस्त्री कशी बनवन?" त्यानं मला ओळखलं नव्हतं. "शाळेत हाये ते पुस्तक. वाचून घ्या."

तेवढ्यात ती आली, डोक्यावर गवताचा भारा. केस पांढरे झालेले. तिनं मात्र ओळखलं. "भाऊ!" म्हणाली आणि भारा खाली टाकला. "पायला का हत्ती?"

"बाई, तळ्यात हत्ती होता का?"

"होता ना. तुमीच तं लिवलं."

"फाटकाशी तुम्ही मला सांगितलं होतं, नव्हता म्हणून. रडत होत्या."

"तवा भेव होतं मले," ती सहज म्हणाली. "आता कायचं भेव?"

तिथे मला गप्प बसता आलं असतं. तोच माझा धंदा. पण तो म्हातारा पाय हलवत होता, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"भ्यायचं कारणच नव्हतं, बाई. डॉक्टर काही करणार नव्हते. पाय त्यांनी तसाही वाचवला असता. मला तेव्हाच माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ती दोन पावलं जवळ आली.

"तवाच?"

"तवाच."

"मंग मी दर खेपेले इचारत होती..."

"हो."

"अन् डाळ?"

"खाल्ली."

"सारी?"

"सारी."

तिनं वर नवऱ्याकडे पाहिलं. "आयकलं का? सारी खाल्ली म्हनते."

"पचली का, इचार," म्हातारा म्हणाला आणि हत्तीवर बसल्या बसल्या हसायला लागला.

ती हसली नाही. भारा उचलून डोक्यावर ठेवला, चुंबळ नीट केली आणि गावाच्या वाटेला लागली. मी पाटीपाशी उभा. पुढे गेल्यावर वळून म्हणाली, "चाला. जेवाले."

लग्नघरचं जेवण राहिलं. मी तिच्या मागे गेलो, म्हातारा माझ्या मागे, मजेत, न लंगडता. ओसरीवर ताट आलं. भात, वर लाखोरीची डाळ. मी संपवली. तिनं विचारलंही नाही, आणखी एक पळी वाढली. मी हात आडवा केला तसा तिनं तो बाजूला सारला.

"घ्या," ती म्हणाली. "साहेबाले नाही सांगत."